रोजचे दहा शब्द: मुन्शी लुत्फुल्लाहची इंग्रजी आणि आपली

१८५७ म्हटले की आपल्याला मेरठ आठवते, दिल्ली आठवते, बहादूरशाह जफर आठवतात. त्याच वर्षी लंडनमध्ये स्मिथ, एल्डर या प्रकाशकाने एका हिंदुस्थानी मुसलमानाचे आत्मचरित्र छापले. ते भाषांतर नव्हते, लेखकाने स्वतः इंग्रजीत लिहिलेले पुस्तक होते. लेखकाचे नाव लुत्फुल्लाह, जन्म १८०२, गाव माळव्यातले धार. वडील लहानपणीच वारले, घरात गरिबी आली, आणि या मुलाने पुढे जे काही कमावले ते भाषांच्या जोरावर. पुस्तकाचे संपादन एडवर्ड ईस्टविक याने केले. लुत्फुल्लाहने त्याच्याबरोबर सिंधमध्ये काम केले होते. हाच ईस्टविक पुढे इंग्लंडात हेलिबरीच्या कॉलेजात उर्दूचा प्राध्यापक झाला आणि त्याने शेख सादींच्या गुलिस्तानचे इंग्रजी भाषांतर केले.

लुत्फुल्लाह इंग्रजी कशी शिकला? कुठल्या इंग्रजी शाळेत तो गेला नव्हता. विशीच्या आसपास त्याने ही भाषा हातात घेतली. तो सांगतो, सलग आठ वर्षे एकही रात्र अशी गेली नाही की दहा नवे शब्द पाठ केले नाहीत आणि गिलख्रिस्टच्या व्याकरणाची थोडी पाने वाचली नाहीत. हा झाला रात्रीचा अभ्यास. त्याची खरी शाळा मात्र दिवसा भरायची. कंपनी सरकारच्या नव्या अंमलदारांना तो फारसी, हिंदुस्तानी, अरबी आणि मराठी शिकवत असे. त्या काळी अंमलदाराला देशी भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय चांगली नेमणूक मिळणे अवघड होते, त्यामुळे मुन्शीशिवाय त्याचे पान हलत नसे. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये पुस्तक. साहेब उर्दू वाक्य अडखळत बोलणार, मग वैतागून काहीतरी इंग्रजीत पुटपुटणार. मुन्शी ते पुटपुटणे ऐकणार.

रोजच्या वापरातली इंग्रजी या पुटपुटण्यात असते. ती व्याकरणाच्या पुस्तकात नसते.

हे सगळे सांगायचे कारण वर्गातले आहे. उर्दू माध्यमातली दहावीची मुलगी इंग्रजीत निबंध बरा लिहिते. ‘पोस्टपोन’ तिला माहीत असते, ‘पुट ऑफ’ म्हटले की ती गोंधळते. ‘टॉलरेट’ येते, ‘पुट अप विथ’ येत नाही. ‘डिस्कव्हर’ येते, ‘फाइंड आउट’ला ती थांबते. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत. तिन्ही शब्द पहिलीतले, आणि तिन्ही मिळून अर्थ होतो सहन करणे! मग मुलाखतीत समोरचा माणूस साधेच बोलतो, मुलीला वाटते आपल्याला काहीच येत नाही, आणि घरी येऊन ती म्हणते, उर्दूत शिकलो हीच चूक झाली. या शेवटच्या वाक्याबद्दल मला लिहायचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आज्ञार्थातली भाषा

जॉन गिलख्रिस्ट हा स्कॉटिश डॉक्टर १७८२ मध्ये मुंबईला उतरला. पुढे १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज सुरू झाले तेव्हा तो तिथे हिंदुस्तानीचा प्राध्यापक झाला. मीर अम्मन यांचे ‘बाग-ओ-बहार’ याच कॉलेजसाठी लिहिले गेले, हे उर्दू शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गिलख्रिस्टने शब्दकोश केला, व्याकरण केले आणि साहेबांसाठी संवादांची पुस्तकेही केली. राज्य चालवायचे तर ग्रांथिक फारसी पुरत नाही, बाजारातली बोली यायला हवी, हे त्याला नेमके कळले होते.

आपल्या मराठीच्या बाबतीतही तेच झाले. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी मराठी-इंग्रजी कोश केला तो १८३१ मध्ये. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली १८५७ मध्ये, म्हणजे लुत्फुल्लाहचे पुस्तक आले त्याच वर्षी. हा कोश कधी उघडून पाहा. म्हणी, वाक्प्रचार, बायकांच्या तोंडची बोली, शेतातले शब्द, चारचौघांत न उच्चारायचे शब्द, सगळे त्यात आहे. राज्यकर्त्यांनी आपली रोजची भाषा इतक्या मेहनतीने गोळा केली.

पण भाषा गोळा करणे वेगळे आणि ती तोंडात बसणे वेगळे. साहेबाच्या तोंडात आपली भाषा कुठल्या रूपात बसली, याचा पुरावा दुसऱ्या एका कोशात आहे. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीत जे देशी शब्द शिरले त्यांचा हा कोश. त्याचे नावच आपल्या घरातले आहे. मोहरमच्या जुलुसात ‘या हसन! या हुसैन!’ असा आक्रोश होतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला. करबलाचा मातम, आणि त्याचे झाले दोन इंग्रज आडनावांसारखे गमतीदार नाव. ऐकणाऱ्याला दुःख कळले नाही, फक्त आवाज कळला. परका शब्द आपल्या ओळखीच्या आवाजात बसवून घेण्याच्या या सवयीला भाषाशास्त्रात आजही हॉब्सन-जॉब्सनचेच नाव आहे.

या कोशातली एक गोष्ट शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजांनी उचललेली आपली क्रियापदे बहुतेक आज्ञार्थी रूपात आहेत. बनाओ, लगाओ, फुसलाओ, धमकाओ, पकडो. ‘त्याने पकडले’ म्हणायचे असले तरी गोरा शिपाई ‘पकडो’ हेच रूप धरून त्याला इंग्रजी प्रत्यय लावायचा. ‘शॅम्पू’ हा शब्दही तसाच, चांपणे म्हणजे दाबणे, मालिश करणे, त्याचे आज्ञार्थी रूप ‘चांपो’. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १७९४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात इंग्रजीतून आपले प्रवासवर्णन छापले. एका हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले हे पहिले पुस्तक. पुढे त्यांनी १८१० मध्ये लंडनला हिंदुस्तानी कॉफी हाउस काढले, नंतर ब्रायटनला हमामखाना चालवला, आणि ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्लंडच्या उच्चभ्रू घरांत पोचवला. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या गोऱ्या शिपायाचे ‘डेको’ म्हणजे नजर टाकणे, तेही आपले ‘देखो’च. ‘जिल्डी’ म्हणजे जल्दी.

असे का झाले? कारण साहेबाच्या तोंडून या भाषेत बहुतेक वेळा हुकूमच निघत. जी भाषा हुकूम देण्यापुरती वापरली, ती हुकमाच्याच रूपात जिभेवर राहिली. नोकराशी, शिपायाशी, हमालाशी गप्पा कोण मारणार?

आता हीच कसोटी आपल्या वर्गाला लावा. आपल्या मुलांना फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याच्या शेपटीला अप, डाउन, इन, आउट असा छोटा शब्द, हा प्रकार अवघड जातो असे आपण म्हणतो. खरे तर आपले प्रत्येक मूल पहिलीतच पाच-सहा फ्रेजल व्हर्ब शिकते. स्टँड अप. सिट डाउन. कम इन. गेट आउट. शट अप. हँड्स अप यात क्रियापद नाही, पण सूर तोच. सगळे हुकूम! इंग्रजी आपल्या मुलांच्या तोंडात तशीच आली जशी उर्दू गोऱ्या शिपायाच्या तोंडात गेली होती. फरक एवढाच की शिपाई हुकूम देत होता आणि मूल ऐकत असते. गप्पा मारणारी, चेष्टा करणारी, नाही म्हणणारी, माफी मागणारी इंग्रजी त्याने कधी ऐकलेलीच नसते.

बराकीतली आणि जहाजावरची शाळा

हुकमाच्या पलीकडे जिथे माणसे एकत्र राहिली, तिथे भाषा दोन्हीकडून वाहिली. अशी दोन मोठी ठिकाणे म्हणजे लष्कर आणि जहाज.

नाशिकजवळच्या देवळालीचे नाव इंग्रजी बोलीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे लष्कराचा तळ होता आणि नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहत. जहाजे ठरावीक मोसमातच सुटत. काम नाही, उन्हाळा, दारू, ताप. महिनोन्महिने अशा अवस्थेत माणसाचे डोके फिरे. त्यावरून शिपायांनी शब्द केला ‘डुलॅली टॅप’. डुलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे फारसी-उर्दूतला ‘तप’, आपल्या मराठीतला ताप. आजही इंग्लंडात एखादा भ्रमिष्टासारखा वागला तर त्याला ‘डुलॅली’ म्हणतात. म्हणणाऱ्याला नाशिक जिल्हा माहीत नसतो.

‘ब्लायटी’ हा दुसरा शब्द. पहिल्या महायुद्धात खंदकातला इंग्रज शिपाई आपल्या मायदेशाला ब्लायटी म्हणे. जखम अशी झाली की जीव वाचला पण घरी पाठवणी झाली, तर ती ‘ब्लायटी’ जखम. मूळ शब्द ‘विलायती’. अरबीत ‘विलायत’ म्हणजे अंमल, प्रांत. ज्या धातूपासून ‘वली’ आणि ‘मौला’ येतात त्याच धातूचा. आपण इंग्लंडला विलायत म्हटले, झाडालाही विलायती चिंच म्हटले. आणि गंमत बघा, इंग्रजाने स्वतःच्या मातृभूमीसाठी लाडाचा शब्द उचलला तो हिंदुस्थान्यांनी ‘परदेशी’ या अर्थाने वापरलेला! ‘कुशी’ म्हणजे आरामाची, बिनकष्टाची नोकरी, यातले मूळ ‘खुश’. ‘बक्शी’ म्हणजे फुकटात मिळालेले, हे ‘बख्शिश’. ‘चोकी’ म्हणजे तुरुंग, ही आपली चौकी. ‘पक्का’ तर आहे तसा गेला. लष्करी अधिकारी गणवेश उतरवून साध्या कपड्यांत आला तर तो ‘मुफ्ती’त आहे असे म्हणतात, फतवा देणाऱ्या मुफ्तींच्या नावाचे असे झाले.

जहाजाची गोष्ट आपल्या कोकणाची आहे. इंग्रजी व्यापारी जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी काम करत, त्यांना लास्कर म्हणत, लष्कर शब्दावरून. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरच्या कामाला रत्नागिरीकडच्या मुसलमान खलाशांची मोठी भरती असे. या खलाशांची एक बोली तयार झाली होती, तिला लष्करीच म्हणत. हिंदुस्तानी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी असे सगळे तिच्यात मिसळलेले. जहाजावरचा मुकादम तो सारंग, फारसी ‘सरहंग’ शब्दावरून. त्याच्या हाताखाली तांडेल. ही दोन्ही आडनावे आजही आपल्या किनाऱ्यावर आहेत. भर समुद्रात वादळ उठले तर दोर ओढायचा हुकूम खलाशाला त्याच क्षणी कळायला हवा. म्हणून फोर्ट विल्यम कॉलेजच्या थॉमस रोबक याने १८११ मध्ये इंग्रजी-हिंदुस्तानी नौकानयनाचा कोशच काढला. म्हणजे इथे खलाशाची भाषा शिकायची गरज अधिकाऱ्याला पडली. कोशात नाव रोबकचे आहे. शब्द पुरवणाऱ्या सारंगांची नावे कुठे नाहीत.

ही देवाणघेवाण फक्त हिंदुस्थानापुरती नाही. इंग्रजीत मित्राला ‘पॅल’ म्हणतात, तो रोमानी लोकांचा शब्द. त्याचा अर्थ भाऊ, आणि संस्कृत भ्रातृ, आपला ‘भाऊ’, यांच्याशी त्याचे नाते आहे. दुसऱ्या महायुद्धात अरब देशांत राहिलेल्या वैमानिकांनी ‘शुफ्ती’ उचलले, म्हणजे एक नजर टाकणे. आणि ‘चेक इन’, ‘चेक आउट’, ‘चेकअप’ यांतला ‘चेक’ तर थेट बुद्धिबळाच्या पटावरून आला आहे. राजाला शह देताना म्हणायचा फारसी ‘शाह’ अरबीतून फ्रेंचमध्ये गेला, तिथून इंग्रजीत आला. शह म्हणजे अडवणे, अडवून पाहणे म्हणजे तपासणे. हॉटेलच्या काउंटरवर ‘चेक इन’ म्हणणारा माणूस नकळत शाहचे नाव घेत असतो.

मग ‘इंग्रजीची बोली आपल्याला परकी आहे’ हे वाक्य पूर्ण खरे नाही.

बोली शाळेबाहेर राहिली

मुसलमानांनी इंग्रजीकडे पाठ फिरवली, उलेमांनी ती हराम ठरवली, असे सरसकट सांगितले जाते. विरोध होता, तो नाकारायचा नाही. पण दिल्लीचे शाह अब्दुल अजीज, जे १८२४ मध्ये वारले, त्यांनी इंग्रजी शिकायला परवानगी दिली होती, हेही त्याच इतिहासात आहे. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, सर सय्यद यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा काढला. तरी उशीर झाला हे खरे. पण मला इथे प्रश्न उशिराचा विचारायचा नाही. जी इंग्रजी शेवटी शाळेत आली ती कोणती होती?

१८३५ मध्ये मेकॉलेचे टिपण आले. १८३७ मध्ये कंपनी सरकारने बंगाल इलाख्यातल्या कचेऱ्यांतून फारसी काढायला घेतली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. शाळांतून आणि कॉलेजांतून जी इंग्रजी शिकवली गेली ती मिल्टन-शेक्सपिअरची, व्याकरणाची आणि परीक्षेची होती. मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. पण वाक्याचे भाषांतर करणे म्हणजे बोलणे नव्हे. साहेबाने आपली बोली टिपून नेली आणि आपल्याला त्याचे पुस्तक दिले.

मग पुस्तकातून बोली शिकणाऱ्यांचे काय झाले? १८७३ मध्ये कलकत्त्याचे न्यायमूर्ती अनुकूलचंद्र मुखर्जी यांचे इंग्रजी चरित्र त्यांच्या पुतण्याने प्रसिद्ध केले. त्याने इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या मन लावून पाठ केल्या असाव्यात. ते सगळे त्याने एकाच पुस्तकात ओतले, दुःखाच्या जागी विनोदी आणि साध्या जागी भारी. इंग्रज वाचक हसून हसून बेजार झाले. पुढे एफ. अँस्टी या लेखकाने ‘पंच’ साप्ताहिकातून बाबू जबरजी नावाचे पात्र उभे केले आणि १८९७ मध्ये त्याचे पुस्तकही निघाले. ‘बाबू इंग्लिश’ ही शिवी झाली.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, वाक्प्रचार यादीने पाठ करून चालत नाही. तो कोण, कोणाला, कुठल्या सुरात म्हणतो हे त्याच्याबरोबरच शिकावे लागते. अरबीत ‘बिंत’ म्हणजे लेक, किती इज्जतीचा शब्द. इंग्रज शिपायांनी तो इजिप्तमधून नेला आणि इंग्रजी बोलीत तो बाईसाठी हलका शब्द झाला. अर्थ तोच, सूर बदलला की शब्दाची जात बदलते. म्हणून सिनेमातली स्लँग मुलांना समजावी हे बरे, पण ती वापरण्याची घाई करू नये. दुसरी गोष्ट अशी की गोऱ्या शिपायाने ‘पकडो’ला इंग्रजी प्रत्यय लावला तर त्याचा कोश झाला, बंगाली पुतण्याने वाक्प्रचार चुकवला तर त्याचा विनोद झाला. चूक दोघांचीही होती. हसायचे कोणाला, हे ज्याच्या हातात सत्ता होती त्याने ठरवले.

बोली शाळेबाहेर राहिली त्याला दुष्टपणाच कारण होता असे मात्र नाही. मायकल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२६ मध्ये त्यांनी द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की बंगालमधली बहुतेक मुले दोन-चार वर्षांत शाळा सोडतात. अर्धवट शिकलेले बोलणे त्यांच्या काही कामाचे नाही, पण थोडे वाचता आले तर ते आयुष्यभर उपयोगी पडेल. म्हणून आधी वाचन. विचार कळवळ्याचा होता. त्याच वेळी जपानमध्ये हॅरल्ड पामर उलट बाजूने काम करत होते. ते १९२२ मध्ये टोकियोला गेले, त्यांनी बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचे व्याकरण लिहिले, कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात याच्या याद्या केल्या. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी परक्या विद्यार्थ्यासाठी वाक्प्रचार आणि वाक्यरचना सांगणारा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, म्हणजे जपान आणि इंग्लंड यांचे युद्ध चालू असताना! ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये पुन्हा काढला. आज आपल्या शाळांच्या कपाटात जी ऑक्सफर्डची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ डिक्शनरी असते, तिचे मूळ हे.

आपल्याच क्रियापदांतली किल्ली

फ्रेजल व्हर्बचा त्रास नवा नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले की क्रियापदाच्या मागे छोटा शब्द लागून अर्थ बदलतो, आणि परक्यांना याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र उशिराचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये आपल्या पुस्तकात ते वापरले, आणि ते नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे सांगितले.

पण आपण जॉन्सन म्हणतात तसे पूर्ण परके आहोत का? मराठी आणि उर्दू दोन्हींत संयुक्त क्रियापदे आहेत. खाणे आणि टाकणे हे दोन वेगळे शब्द. ‘खाऊन टाक’ म्हटले की टाकणे कुठेच उरत नाही, उरते ते सगळे संपवणे. इंग्रजीत ‘इट अप’. उर्दूत ‘खा डालो’. ‘लिहून घे’, ‘लिख लो’, ‘राइट डाउन’. ‘फेकून दे’, ‘फेंक दो’, ‘थ्रो अवे’. यात ‘दे’ म्हणताना कोणी कोणाला काही देत नाही. मग ‘पुट अप विथ’मध्ये पुट कुठे गेले म्हणून घाबरायचे कशाला? आपल्या ‘खाऊन टाक’मध्ये टाकणे जिथे गेले तिथेच.

भाषेचे थरही सारखेच आहेत. परीक्षा ‘पुढे ढकलली’ असे आपण घरात म्हणतो, सूचनाफलकावर ‘स्थगित’ लिहितो, आणि मध्ये ‘मुलतवी’ आहे, अरबीतून आलेला. इंग्रजीत घरातले ‘पुट ऑफ’ आणि फलकावरचे ‘पोस्टपोन’. तिकडे वरचा थर लॅटिन-फ्रेंचचा, इकडे संस्कृत आणि अरबी-फारसीचा. उर्दू माध्यमातल्या मुलीला हे थर जन्मापासून माहीत असतात. ती अम्मीशी एका भाषेत बोलते, उस्तादांशी दुसऱ्या, बस कंडक्टरशी मराठीत, कुराण अरबीत पढते. कुठे ‘आप’ म्हणायचे आणि कुठे ‘तू’ हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिला फक्त एवढे सांगायचे राहते की इंग्रजीतही असेच असते.

वर्गात करण्यासारखे काम साधे आहे. मुलांच्या तोंडात आधीच असलेले शब्द फळ्यावर मांडा: मेकअप, लॉकअप, चेकअप, बॅकअप, ब्रेकअप, पिकअप, कटऑफ. ही सगळी फ्रेजल व्हर्बचीच अपत्ये. ‘लॉकअप’पासून ‘लॉक अप’ला जा, ‘कटऑफ’पासून ‘कट ऑफ’ला. प्रत्येकासमोर मराठीचे किंवा उर्दूचे संयुक्त क्रियापद शोधायला सांगा. आणि हुकमाचे रूप सोडून बोलायला लावा. ‘गेट आउट’ ऐवजी ‘आय गॉट आउट ऑफ द बस’. ‘गिव्ह अप’ ऐवजी ‘माय अब्बा गेव्ह अप टोबॅको’. क्रियापदाला कर्ता मिळाला, घर मिळाले, की ते मुलाचे होते.

लुत्फुल्लाहची गोष्ट गोड करून सांगायची नाही. तो मुन्शी होता, पगारी नोकर होता. त्याच्यासारखी संधी फार थोड्यांना मिळाली आणि बायकांना तर मुळीच नाही. पण १८४४ मध्ये सुरतचे मीर जाफर अली खान आपला हक्क मागायला लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत लुत्फुल्लाह होता. लंडनमध्ये इंग्रजांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा हा माणूस धारच्या गल्लीत वाढला होता आणि त्याने आपली एकही भाषा सोडलेली नव्हती. उलट त्याच भाषा शिकवता शिकवता तो इंग्रजी शिकला. आज आपल्या मोहल्ल्यांत उर्दू शाळेतून मूल काढून गल्लीतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्याची घाई चालली आहे. तिथे अनेकदा उर्दू जाते, मराठी येत नाही, आणि इंग्रजी ‘स्टँड अप, सिट डाउन’च्या पुढे सरकत नाही. फी मात्र जाते.

पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. माध्यम निवडण्याआधी वर्गात मूल इंग्रजीत स्वतःचे काही बोलते का, की फक्त हुकूम ऐकते, हे विचारा. आणि मुलीने ‘उर्दूत शिकलो हीच चूक झाली’ असे म्हटले तर तिला सांगा, चूक उर्दूची नाही. रोज रात्री दहा शब्द, आणि दिवसा ते वापरायला समोर एक माणूस. लुत्फुल्लाहला एवढे पुरले. दहा शब्द ती स्वतः पाठ करेल. समोरचा माणूस आपण व्हायचे आहे.